मिलेच्या चित्रांवरून शिकणारे व्हॅन गॉग

थोर डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्समधील झुंडर्ट येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते चित्रकलेकडे वळले आणि फ्रेंच वास्तववादी चित्रकार मिले यांच्या चित्रांच्या नकला करून त्यांनी रेखाटनाचा हात बसवला.

मे १८८९ मध्ये ते फ्रान्समधील सें-रेमीच्या मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झाले. हिवाळ्यात बाहेर चित्रे काढणे कठीण. समोर बसायला माणसेही मिळेनात. ते पुन्हा मिलेंकडेच वळले. धाकटे बंधू थिओ यांनी मिलेंच्या ‘पहिली पावले’ या चित्राचे छायाचित्र पाठवले होते. त्यावर चौकोन आखून जानेवारी १८९० मध्ये व्हिन्सेंट यांनी ते दृश्य तैलरंगात उतरवले. बागेत गुडघा टेकून बापाने हात पसरले आहेत आणि आईने सावरलेले मूल त्याच्याकडे निघाले आहे. छायाचित्रात रंग नव्हते. हिरव्या-निळ्या छटा व्हिन्सेंट यांच्या स्वतःच्या. याला केवळ नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हे चित्र जतन केलेले आहे.

त्या वेळी थिओ यांच्या पत्नी योहाना गरोदर होत्या. ३१ जानेवारीला मुलगा झाला. त्याचे नाव व्हिन्सेंटच ठेवले गेले. मे महिन्यात पॅरिसमध्ये काकांनी पुतण्याला पाहिले. २९ जुलै १८९० रोजी ओव्हेर येथे त्यांचे निधन झाले.