हसवणारे हेडमास्तर

विनोद लिहिणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आहे. आचार्य अत्र्यांचे चरित्र वाचल्यावर ती टिकत नाही.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोढीत या गावी झाला. पुण्यात बी. ए. होऊन ते शिक्षक झाले. तेथील कॅम्पातल्या एका शाळेचे ते बरीच वर्षे हेडमास्तर होते. लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाची पदविकाही मिळवली. एवढे शिकूनही त्यांनी साधी, रोजच्या बोलण्यातली भाषा सोडली नाही, याचे मला फार मोल वाटते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सुट्टीत गावी गेल्यावर माझ्या तोंडून एखादा पुस्तकी शब्द निघाला की आईबाबा एकदम गप्प होतात. शिक्षणाने माणूस आपल्याच माणसांना परका होतो की काय, ही भीती वाशीमसारख्या भागातून आलेल्या माझ्या अनेक मित्रांच्याही मनात असेल. अत्र्यांच्या लेखणीत मला या भीतीवर उतारा सापडला.

१९३३ साली 'साष्टांग नमस्कार' या नाटकाने त्यांनी रंगभूमी हसवली. पुढे ते चित्रपटाकडे वळले. मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' १९३८ साली आला. त्यातला औदुंबर एक व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेतो आणि किशोरी भेटताच त्याची त्रेधा उडते. येथे हसू येते ते व्रताचे नव्हे; दुसऱ्याचे ऐकून, न पेलणारे व्रत घेणाऱ्याचे. पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' आला. ब्रँडी म्हणजे काय हेही ठाऊक नसलेला एक भोळा कारकून तिच्या शोधात निघतो. दामूअण्णा मालवणकरांनी तो असा रंगवला की दारूबंदीचा विषय उपदेशाचा कडू काढा न होता प्रेक्षकांच्या गळी उतरला. अक्षरओळख नसलेल्यालाही हे चित्रपट कळत. पडद्यावरही अत्र्यांमधला शिक्षक जागाच होता.

हसवणाऱ्या या माणसाने १९५३ साली साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वर चित्रपट काढला आणि अवघ्या महाराष्ट्राला रडवले. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले.

१९५६ साली त्यांनी 'मराठा' दैनिक काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपला विनोद शस्त्रासारखा चालवला. त्या भरात विरोधकांवर त्यांनी केलेले वार कधी कधी मर्यादा सोडून गेले, हेही मान्य केले पाहिजे. पण १ मे १९६० रोजी जे राज्य झाले, ज्यात आपले वऱ्हाडही आले, त्यामागे त्यांच्या लेखणीचे आणि वाणीचे बळ होते. १३ जून १९६९ रोजी ते गेले.

विद्वत्ता दाखवायला अवघड शब्द पुरतात. पण विद्वान आणि निरक्षर यांना एकाच वाक्यावर एकाच वेळी हसवायचे, तर दोघांवरही सारखेच प्रेम असावे लागते. आपण पदवी घेऊन घरी परतू, तेव्हा बरोबर निदान एवढे तरी न्यावे.