कल्याणच्या आनंदीबाई आणि त्यांची अमेरिका

कल्याण शहराला ज्या व्यक्तींचा अभिमान वाटतो त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव अग्रभागी आहे. शालेय पाठ्यपुस्तके, श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी, त्याच नावाचे नाटक आणि २०१९ मधील चित्रपट यांमुळे त्यांचे चरित्र घरोघरी ठाऊक झाले आहे. लहानपणीचा विवाह, हट्टी नवरा, बोटीचा प्रवास, पदवी, क्षयरोग आणि अकाली मृत्यू हे टप्पे ठाणे जिल्ह्यातला कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. पण या कथेतली अमेरिका म्हणजे एक कोरी पाटी असते. त्या देशात त्या वेळी काय चालले होते, कोणाला शाळेत बसू दिले जात होते आणि कोणाला नाही, आनंदीबाईंना ज्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला ते स्त्रियांसाठी वेगळे का काढावे लागले, हे प्रश्न चरित्राच्या बाहेरच राहतात. महाविद्यालयांतून अमेरिकेचा इतिहास शिकवला जातो त्यातही बहुधा अध्यक्ष, युद्धे आणि घटनादुरुस्त्या यांचीच यादी असते. वंश, वर्ग आणि स्त्रीपुरुषभेद या तीन अंगांनी तो इतिहास वाचायचा झाला, तर कल्याणच्या या मुलीचे चरित्र चांगले उपयोगी पडते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. त्यानंतर नवव्या दिवशी दक्षिणेकडील राज्यांचा सेनापती ली याने शरणागती पत्करली आणि अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यात जमा झाले. पुढच्याच आठवड्यात लिंकन यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती संमत होऊन गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. हा केवळ योगायोग आहे हे खरे. परंतु आनंदीबाईंचे अवघे एकवीस वर्षांचे आयुष्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्याची पहिली वीस-बावीस वर्षे हा एकच कालखंड आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माहेरचे त्यांचे नाव यमुना. जोशी घराणे एके काळचे जमीनदार, पण त्या वेळी घराला उतरती कळा लागली होती. कल्याणला आगगाडी आली १८५४ मध्ये. म्हणजे यमुनेच्या जन्मापूर्वीच मुंबईचे वारे तेथे वाहू लागले होते. तरी घरातल्या रीती जुन्याच होत्या. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, पोस्टखात्यात कारकून असलेले बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले. बायकोने शिकलेच पाहिजे, ही गोपाळरावांची अट होती. त्या हट्टाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, पण त्याची दुसरी बाजू स्वतः आनंदीबाईंनीच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत नोंदवली आहे. मारहाण, अंगावर फेकलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या या सगळ्यांची त्यांनी तेथे आठवण करून दिली. ज्या हाताने पाटी दिली त्याच हाताने मारही दिला. स्त्रीशिक्षणाच्या आपल्या इतिहासात ही गोष्ट सहसा दबक्या आवाजात सांगितली जाते.

या विवाहाच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले होते. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना फुल्यांनी ते अर्पण केले आणि शूद्रांची स्थिती त्या गुलामांच्या स्थितीशेजारी ठेवून पाहिली. अमेरिकेचा वंशविषयक इतिहास आणि इथली जातिव्यवस्था यांची सांगड घालण्याचा उद्योग मराठीत असा दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाला. कल्याणच्या जोशी वाड्यात ते पुस्तक पोहोचले असण्याचा संभव फार कमी, आणि या न पोहोचण्यालाही अर्थ आहे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. स्त्रियांना तपासणारी स्त्री डॉक्टर नाही, हे दुःख तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिले. गोपाळरावांची बदली होत गेली, तसे बिऱ्हाड अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत बंगालपर्यंत गेले. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याकडे बायकोच्या शिक्षणाबद्दल विचारणा केली. उत्तर मिळाले ते धर्मांतराचा सल्ला देणारे. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचला. १८८० पासून दोघींची पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांचा निर्धार होता. कारकुनाच्या पगारात समुद्रपार शिक्षण बसणे शक्यच नव्हते. दागिने विकले गेले, काही वर्गणी जमली. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली ही अठरा वर्षांची विवाहिता, नवऱ्याशिवाय, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने प्रवास करून ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली.

ज्या महाविद्यालयात त्या दाखल झाल्या ते पेनसिल्व्हेनियाचे स्त्री वैद्यक महाविद्यालय १८५० मध्ये, मुख्यतः क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने, स्थापन झाले होते. पुरुषांची वैद्यक महाविद्यालये बायकांना घेत नव्हती म्हणून ते काढावे लागले. १८६९ मध्ये या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया रुग्णालयातील व्याख्यानाला गेल्या, तेव्हा तेथील पुरुष विद्यार्थ्यांनी हुल्लड करून, शिव्या देऊन त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला होता. आनंदीबाई पोहोचल्या त्या वेळीही अमेरिकन स्त्रीला राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क नव्हता. तो मिळायला १९२० साल उजाडावे लागले. पुण्या-कल्याणकडच्या लोकांनी ज्या देशाला स्त्रीस्वातंत्र्याचे माहेरघर मानले, त्या देशात डीन रेचल बॉडली यांच्यासारख्या स्त्रियांना प्रत्येक पायरीवर भांडावे लागत होते. आनंदीबाईंना जे मिळाले ते या भांडणातून मिळाले.

वंशाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. आनंदीबाईंच्या आगमनाच्या आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला होता. त्यांचे पहिले सत्र नुकतेच सुरू झाले असताना, १५ ऑक्टोबर १८८३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ च्या नागरी हक्क कायद्यातील महत्त्वाची कलमे घटनाबाह्य ठरवली. खाणावळी, नाट्यगृहे, वाहने येथे कृष्णवर्णीयांना मज्जाव करणाऱ्यांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. रंगाने सावळी, परधर्मीय आणि आशियातून आलेली ही तरुणी मात्र फिलाडेल्फियाच्या सुशिक्षित घरांत सन्मानाने पाहुणी म्हणून वावरत होती. याचे एक कारण तिचे तेज आणि गोड स्वभाव हे होतेच. पण उच्चवर्णीय हिंदू स्त्री म्हणून तिची ओळख करून दिली जात होती, हेही तितकेच खरे. तिच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. 'आर्य' हा शब्द त्या काळच्या अमेरिकनांच्या कानाला परका नव्हता. गोऱ्यांशी दूरचे नाते सांगणारा तो शब्द होता. मात्र या नात्याचे मोल फार नव्हते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांनी उच्चवर्णीय आर्य या नात्याने नागरिकत्व मागितले, तेव्हा त्याच सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. पाहुणीला जागा होती, नागरिकाला नव्हती.

महाविद्यालयाच्या बाबतीत न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री तेथून १८६७ मध्येच डॉक्टर झाली होती, आणि गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करणारे विल्यम स्टिल यांची कन्या कॅरोलिन १८७८ मध्ये. ओमाहा या आदिवासी जमातीची सुझन ला फ्लेश १८८९ मध्ये तेथेच पदवीधर झाली. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशी पोशाखात शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. ते छायाचित्र पाहणाऱ्यांपैकी रिबेका कोल हे नाव किती जणांना माहीत असते?

वर्गाचा प्रश्न चरित्रकारांनी जवळजवळ सोडूनच दिला आहे. ज्या फिलाडेल्फियात आनंदीबाई शिकल्या तेथील सुखवस्तू घरांत चूल, धुणे आणि मुले सांभाळणाऱ्या बायका बहुधा आयरिश किंवा कृष्णवर्णीय असत. डु बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने या शहरातील आपल्या बांधवांचा जो अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी बहुतेक घरकामाला जुंपलेल्या आढळतात. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या, व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मे महिन्यात, आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेतील कामगारांनी संप पुकारला व शिकागोत रक्त सांडले. कल्याणच्या रेल्वे वर्कशॉपांतून आणि डोंबिवली, अंबरनाथच्या कारखान्यांतून घाम गाळणाऱ्यांच्या मुलांना एक मेच्या सुटीचे मूळ ज्या घटनेत सापडेल, ती आनंदीबाई त्या देशात असतानाच घडली.

आनंदीबाईंची स्वतःची मते या सर्वांच्या पुढे धावणारी होती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बालविवाहाचा प्रश्न अमेरिकेत निघाला तेव्हा त्यांनी त्या चालीची बाजू घेतली आणि त्यांच्या हितचिंतक बायका चकित झाल्या. परक्या सभेत आपल्या घराची लक्तरे टांगायची नाहीत, हा अभिमान त्यामागे असावा. मिशनऱ्यांच्या करुणेने ज्याला घेरले आहे त्याला खरे बोलणेही कठीण होते. दुसरीकडे गोपाळराव अमेरिकेत येऊन दाखल झाले आणि ख्रिस्ती धर्मावर, अमेरिकन स्त्रियांवर जाहीर टीका करत सुटले. (पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण घडवून आणणारे गृहस्थ तेच.) पंडिता रमाबाईंनी मात्र दोन-तीन वर्षे तो देश हिंडून पाहिला आणि १८८९ मध्ये त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. तेथील स्त्रियांच्या चळवळींचे कौतुक करतानाच कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्यावरील अन्यायही त्यांनी नोंदवला. आनंदीबाईंना असा ग्रंथ लिहिण्याइतके आयुष्य लाभले नाही.

थंडी, अपुरा आहार आणि अतिश्रम यांनी पोखरलेले शरीर क्षयाला बळी पडले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे नंतरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, स्त्रीविभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, पण रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते. त्यानंतर आठवडाभरातच मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असा निकाल दिला.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या आहेत. वरच्या दगडावर शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद केलेली आहे, आणि स्त्री या शब्दाच्या आधी ब्राह्मण हा शब्दही कोरलेला आहे.