विश्लेषण : रविवारी उडणारा कारखानदार... ओटो लिलिएंथाल यांना ग्लायडिंगचे जनक का म्हणतात?

जर्मनीत बर्लिनच्या वायव्येला श्टोल्न नावाचे छोटे गाव आहे. गावाजवळ गोलनबर्ग ही टेकडी आणि तिच्या पायथ्याशी गवताची धावपट्टी. इथून आजही हौशी वैमानिक बिनइंजिनाची ग्लायडर उडवतात. जगातील सर्वांत जुने उड्डाणस्थळ अशी या जागेची ख्याती आहे, ती ओटो लिलिएंथाल यांच्यामुळे. याच टेकडीवर त्यांनी अखेरची झेप घेतली.

करकोच्यांकडून धडे...

लिलिएंथाल यांचा जन्म २३ मे १८४८ रोजी अँक्लाम या गावी झाला. कापडाचा व्यापार करणारे वडील लवकर गेले. ओटो आणि धाकटा भाऊ गुस्ताव कुरणात उतरणारे पांढरे करकोचे तासन्‌तास न्याहाळत. (याच पक्ष्याचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्याकडेही येतात.) हे पक्षी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उडतात, हे मुलांच्या ध्यानात आले. पुढे ओटो बर्लिनमध्ये अभियांत्रिकी शिकले. लहान कारखान्यांना परवडेल असा सुरक्षित बॉयलर त्यांनी तयार केला, त्याचे पेटंट घेतले आणि स्वतःचा कारखाना काढला. नफ्यातला चौथा हिस्सा ते कामगारांना देत. त्या काळात हे दुर्मीळच. उड्डाणाचा खर्च भागला तो या बॉयलरवर.

आधी मोजमाप, मग झेप

उडण्याचे प्रयत्न त्यांच्याआधीही अनेकांनी केले होते. फडफडणारे पंख बांधून मनोऱ्यावरून उडी मारायची आणि हाडे मोडून घ्यायची, असाच बहुतेकांचा प्रकार. लिलिएंथाल यांनी मात्र उडण्याआधी कित्येक वर्षे फक्त मोजले. फिरत्या दांड्याच्या टोकाला वेगवेगळ्या आकाराचे पत्रे लावून कोणत्या कोनात वारा किती उचल देतो, याची नोंद ते करत. सपाट पंखापेक्षा किंचित बाकदार पंख कितीतरी अधिक उचल देतो, हे त्यातून सिद्ध झाले. ही कोष्टके १८८९ मध्ये पुस्तकरूपात आली. त्यांच्या हयातीत पुस्तकाचा खप बेताचाच होता.

१८९१ मध्ये डेरविट्झ गावाजवळ ते पहिल्यांदा हवेत गेले. अंतर जेमतेम २५ मीटर. विलोच्या काठ्या, त्यावर ताणलेले सुती कापड आणि मधल्या पोकळीत हातांच्या आधाराने लोंबकळणारा माणूस, असे ते यंत्र होते. दोनच वर्षांत ऱ्हिनोच्या टेकड्यांवरून ते २५० मीटरपर्यंत तरंगू लागले. आठवडाभर कारखाना आणि रविवारी उड्डाण, असा त्यांचा क्रम असे. १८९४ मध्ये त्यांनी बर्लिनच्या लिख्टरफेल्डे भागात घराजवळच १५ मीटर उंचीची मातीची टेकडी उभारून घेतली. शंकूच्या आकाराची, म्हणजे वारा कुठूनही येवो, त्याला सामोरे उडता यावे. बघ्यांची गर्दी होई, छायाचित्रे जगभर छापली जात. एक ग्लायडर तर त्यांनी विक्रीसाठीही बनवले.

दोन हजारांवर उड्डाणे झाली. पण हवेतला सगळा वेळ मिळून अंदाजे पाच तासच भरतात! इतक्या थोड्या सरावावर त्यांनी जे साधले ते थक्क करणारे आहे.

कच्चा दुवा कोणता?

यंत्राला आजच्यासारखी सुकाणू-व्यवस्था नव्हती. पाय आणि कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवून तोल सांभाळायचा. ९ ऑगस्ट १८९६ हा रविवारच होता. गोलनबर्गवरून सुरुवातीची उड्डाणे नीट झाली. मग तापलेल्या जमिनीवरून उसळलेल्या हवेच्या झोताने यंत्राचे नाक वर उचलले. नाक फार वर गेले की पंखावरची हवा सुटते आणि उचल संपते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. लिलिएंथाल यांनी अंग पुढे झोकले, पण तेवढे वजन पुरले नाही. सुमारे १५ मीटरवरून ते कोसळले आणि मणका मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ४८, मागे पत्नी आग्नेस आणि चार मुले.

राइट बंधूंचा संशय

या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील राइट बंधूंचे कुतूहल पुन्हा जागे झाले. नुसत्या शरीराच्या वजनाने तोल सांभाळणे पुरेसे नाही, हे त्यांनी ओळखले आणि पंखच पिळण्याची युक्ती काढली. मात्र १९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरला अपेक्षेइतकी उचल मिळेना, तेव्हा संशय लिलिएंथाल यांच्या कोष्टकांवर गेला. स्वतःचा वातबोगदा बनवून तपासल्यावर कोष्टके बहुतांशी बरोबर निघाली. चूक होती ती १८व्या शतकापासून सगळेच डोळे झाकून वापरत आलेल्या हवेच्या दाबाच्या गुणकात.

श्टोल्नच्या धावपट्टीजवळ आज एक भलेमोठे जेट विमानही उभे आहे. पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुग कंपनीचे हे इल्युशिन-६२ विमान ऑक्टोबर १९८९ मध्ये, बर्लिनची भिंत पडण्याच्या काही दिवस आधी, एक किलोमीटरहूनही आखूड असलेल्या त्या गवतावर उतरवण्यात आले. ते पुन्हा उडालेच नाही. आता त्यात लिलिएंथाल यांच्यावरील प्रदर्शन आहे, लग्नेही लागतात. विमानाचे नाव आहे ‘लेडी आग्नेस’.