गाणं 'दाखवणारा' माणूस : व्ही. शांताराम

आपण हॉस्टेलवर रात्री गाण्यांचे व्हिडिओ बघतो, पण ते डायरेक्ट कोण करतं याची चौकशी कोणी करत नाही. गाणं ऐकण्याइतकंच बघण्यासारखं करणारा आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे शांताराम राजाराम वणकुद्रे. जन्म कोल्हापूरचा, १८ नोव्हेंबर १९०१.

लहानपणी ते गंधर्व नाटक मंडळीत होते. नंतर हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं (म्हणजे आपल्या मेकॅनिकलवाल्यांचे सीनियरच!) आणि तिथल्याच एका पत्र्याच्या थिएटरातही पडेल ते काम केलं. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. तिथे झाडण्यापासून ॲक्टिंगपर्यंत सगळं शिकले. डिग्री वगैरे काही नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी 'प्रभात' काढली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट. 'सैरंध्री'चे रंगीत प्रिंट करायला ते जर्मनीला गेले, पण रंग काही जमले नाहीत. 'अमृतमंथन'मध्ये टेलिफोटो लेन्स लावून चंद्रमोहनचा नुसता डोळा पडदाभर दाखवला. आणि 'कुंकू'त (१९३७) पार्श्वसंगीतच ठेवलं नाही, फक्त घरातले खरे आवाज. गाण्यांसाठी गाजलेल्या माणसाने हे करावं, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

मात्र जरठ-कुमारी विवाहावर 'कुंकू' काढणाऱ्या शांतारामांनी स्वतः तीन लग्नं केली. आपल्याला हे खटकतं, आणि खटकायलाच पाहिजे.

१९४२ मध्ये प्रभात सोडून त्यांनी मुंबईत परळला 'राजकमल' उभारलं. १९५५ ला 'झनक झनक पायल बाजे' आला. टेक्निकलर, गोपीकृष्ण आणि संध्या यांचा नाच, वसंत देसाईंचं संगीत. रंगाचा हट्ट तिथे एकदाचा पूर्ण झाला.

मग आला 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). त्यात बैलाशी झुंजीचा सीन आहे. तो त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर स्वतः केला, आणि डोळ्यांना जबर मार बसला. डोळ्यांवर पट्टी. ज्याचं सगळं आयुष्य बघण्यावर चाललेलं, त्याला पुन्हा दिसेल की नाही याचीच गॅरंटी नव्हती! सुदैवाने नजर परत आली. त्या सिनेमाला १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. पण अंधारात पडून असताना त्यांना जे रंग दिसत होते, त्यातून 'नवरंग' (१९५९) निघाला. त्यातलं होळीचं गाणं जरूर बघा. एकटी संध्या डोक्यामागे मुखवटा लावून पुढून बाई, मागून पुरुष होऊन नाचते, शिवाय खरा हत्तीही नाचतो. कॉम्प्युटर ग्राफिक्सचं तेव्हा नावसुद्धा नव्हतं. आजच्या नजरेला ते जरा भडक वाटतं, मान्य आहे, पण डोळे हटत नाहीत.

आमच्या वडवणीकडच्या माणसाला मात्र शांताराम म्हटलं की 'पिंजरा'च (१९७२) आठवणार. मूळ कल्पना जर्मन सिनेमाची, पण राम कदमांच्या चाली, खेबुडकरांचे शब्द आणि तमाशाचा फड यामुळे तो पूर्ण आपल्या मातीतला झाला. डॉ. लागूंनी त्यात मास्तर केला, ज्याच्यावर शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो.

१९८५ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत ते गेले. पुण्यातल्या प्रभातच्या जुन्या स्टुडिओत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.