बहिणाबाई चौधरी : वहीत उतरलेली गाणी

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न झालं, तिशीतच वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचून गायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातल्या काही लिहून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्रेंनी आग्रह धरला आणि १९५२ साली गाण्यांचं पुस्तक निघालं. लिहून न घेतलेली गाणी मात्र त्यांच्यासोबतच गेली.

आपल्या साक्रीकडेही आजीला अहिराणी गाणी येतात ना? मग आजच वही घेऊन तिच्याजवळ बसा. ती म्हणेल तसंच लिहा, शब्द बदलू नका.