फादर थॉमस स्टीफन्स : बोलीचे व्याकरण आणि पुराणाची भाषा

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात इ. स. १५४९च्या सुमारास झाला. रोममध्ये त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला आणि १५७९ मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षांचे त्यांचे कार्य मुख्यतः साष्टी प्रांतात घडले. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले.

या चरित्राचे मर्म त्यांच्या भाषाविचारात आहे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. विल्यम जोन्स यांच्या १७८६च्या सुप्रसिद्ध प्रतिपादनापूर्वी दोनशे वर्षे केलेले हे निरीक्षण होय.

परकी बोली शिकणाऱ्यास खरी अडचण येते ती रोजच्या साध्या वाक्यात. 'घरांत' या कोंकणी रूपात अधिकरणाचा प्रत्यय नामामागून येतो. पोर्तुगीजमध्ये तोच अर्थ नामापूर्वी येणारे शब्दयोगी पद देते. पोर्तुगीजमध्ये लिंगे दोन, तर कोंकणीत तीन. अशा भाषेचे नियम स्टीफन्स यांनी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत, पोर्तुगीज भाषेतून मांडले. दियोगु रिबैरु यांनी भर घातलेला हा ग्रंथ, 'आर्ति दा लिंग्व कानारीं', १६४० मध्ये रायतूर येथे मुद्रित झाला. कोणत्याही भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

शब्दयोजनेतील त्यांचा विवेकही लक्षणीय आहे. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणासाठी (१६२२) त्यांनी लोकांची कोंकणी स्वीकारली. १६१६च्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'क्रिस्तपुराणा'साठी मात्र ग्रंथिक मराठी निवडली. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी तो ओवीबंध परिचित होता. स्वर्गास 'वैकुंठ' म्हणताना त्यांनी परिचित शब्दात नवा आशय भरला. हा ग्रंथ प्रथम रोमन लिपीत छापला गेला, ही बाबही विसरता येत नाही.

हे सारे धर्मप्रसाराच्या हेतूने आणि पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने घडले, हे मान्य करावेच लागते. तथापि १६८४ मध्ये त्याच सत्तेने कोंकणीच्या वापरावर बंदी घातली. ज्या बोलीचे नियम एका मिशनऱ्याने आस्थेने नोंदविले, तीच बोली शासनाला नकोशी झाली. या विरोधाच्या पार्श्वभूमीवर पाहिले, तर स्टीफन्स यांच्या व्याकरणाचे मोल केवळ 'पहिले' या विशेषणात सामावत नाही; लोकांच्या नित्य बोलण्याला नियम आहेत, म्हणून त्याला प्रतिष्ठाही आहे, याची ती लेखी साक्ष ठरते.