नाताळच्या दिवशी बदललेला एक शब्द

२५ डिसेंबर १९८९. बर्लिनची भिंत खुली होऊन जेमतेम दीड महिना लोटला होता. पूर्व बर्लिनमधील शाउस्पीलहाउस या सभागृहात बीथोवनची नववी सिंफनी सादर होत होती आणि दूरचित्रवाणीवरून ती वीसहून अधिक देशांतील घराघरांत पोहोचत होती. वाद्यवृंदाचे संचालन करणारे लिओनार्ड बर्नस्टीन तेव्हा ७१ वर्षांचे होते. आयुष्यभराच्या धूम्रपानाने त्यांची फुफ्फुसे पोखरली होती. तरीही दोनच दिवसांपूर्वी पश्चिम बर्लिनमध्ये हीच सिंफनी सादर करून ते शहराच्या दुसऱ्या भागात आले होते.

मंचावरील वाद्यवृंद एका देशाचा नव्हता. बव्हेरियन रेडिओच्या वाद्यवृंदात ड्रेस्डेन, लेनिनग्राड, लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील वादक सामील झाले होते. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी जर्मनीशी झुंज दिली आणि पुढे ज्यांनी बर्लिनची वाटणी केली, त्या चारही राष्ट्रांचे कलावंत जर्मन वादकांच्या शेजारी बसले होते. गायकवृंदातही म्युनिक आणि पूर्व बर्लिनचे गायक एकत्र होते. त्यांच्या जोडीला ड्रेस्डेनची मुले होती. जून अँडरसन, सारा वॉकर, क्लाउस कोनिग आणि यान-हेंड्रिक रूटरिंग हे ऑपेरातील चार नामवंत एकल गायक होते. या सिंफनीच्या अखेरच्या भागात शिलरची आनंदाला उद्देशून लिहिलेली कविता गायली जाते. बर्नस्टीन यांनी त्या दिवशी ‘आनंद’ या अर्थाच्या जर्मन शब्दाऐवजी ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा शब्द गाण्यास सांगितले. शिलरच्या मनात मुळात हाच शब्द होता, या जुन्या प्रवादाला भक्कम पुरावा नाही. अभिजात कृतीला हात लावल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण हा धोका त्यांनी जाणीवपूर्वक पत्करला होता.

जोखीम पत्करणे हा त्यांचा स्थायीभावच होता. २५ ऑगस्ट १९१८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा केशप्रसाधनांच्या साहित्याचा व्यवसाय होता आणि मुलाने तोच सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. मात्र दहा वर्षांचा असताना आत्याचा पियानो घरी आला आणि मुलाची वाट ठरून गेली. हार्वर्डमधून १९३९ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत फ्रिट्झ रायनर यांच्याकडे व टँगलवूड येथे सर्गेई कुसेवित्स्की यांच्याकडे संचालनाचे धडे घेतले.

१४ नोव्हेंबर १९४३ या दिवसाने त्यांचे आयुष्य पालटले. ब्रुनो वॉल्टर फ्लूने आजारी पडले आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे सहायक संचालक असलेल्या २५ वर्षांच्या बर्नस्टीन यांना तालमीविना कार्नेगी हॉलच्या मंचावर उभे राहावे लागले. कार्यक्रम रेडिओवरून देशभर प्रसारित झाला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव होते.

माध्यमांचे सामर्थ्य त्यांनी तेव्हाच ओळखले असावे. १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवर बीथोवनची पाचवी सिंफनी समजावून सांगताना त्यांनी स्वरलिपीचे पहिले पान स्टुडिओच्या जमिनीवर रंगवून घेतले आणि वादकांना त्या रेषांवर उभे केले. १९५८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक झाल्यावर त्यांनी मुलांसाठीच्या मैफलींचे दूरचित्रवाणीवरून प्रसारण सुरू केले. १९७२ पर्यंत असे ५३ कार्यक्रम झाले. अमेरिकेची एक अख्खी पिढी त्यांच्यामुळे अभिजात संगीत ऐकू लागली. याच पदावर पुढे, १९७८ मध्ये, मुंबईचे झुबिन मेहता आले.

१९५७ मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’ने त्यांना रंगभूमीवर अफाट यश दिले. गंभीर रचनाकार म्हणून मात्र तशी मान्यता लाभली नाही, ही सल त्यांना होती. राजकीय मतांमुळे १९५३ मध्ये त्यांचे पारपत्र अडवले गेले आणि गुप्तचर यंत्रणेने त्यांची मोठी संचिका तयार केली. घरातही वादळ होते. अभिनेत्री फेलिसिया मोंतेअलेग्रे यांच्याशी १९५१ मध्ये झालेला विवाह त्यांच्या समलैंगिक ओढीमुळे सतत ताणलेला राहिला. १९७६ मध्ये ते घर सोडून गेले. पत्नीला कर्करोग झाल्यावर परतले, पण १९७८ मध्ये त्या निवर्तल्या. तो अपराधभाव त्यांच्या मनातून गेला नाही.

बर्लिनमधील त्या दिवसाचा आणखी एक धागा होता. १९४८ मध्ये तरुण बर्नस्टीन म्युनिकला गेले होते आणि बव्हेरियातील निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू वादकांच्या छोट्या वाद्यवृंदाचे संचालन केले होते. त्याच जर्मनीत, ४१ वर्षांनंतर, ख्रिस्ती सणाच्या दिवशी एक ज्यू संगीतकार स्वातंत्र्याचे गाणे गाऊन घेत होता. हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना शब्द बदलण्यामागचा हट्ट समजला असेल.

पुढे शरीराने साथ दिली नाही. १९ ऑगस्ट १९९० रोजी टँगलवूड येथे बीथोवनची सातवी सिंफनी त्यांनी कशीबशी पूर्ण केली. तीच त्यांची अखेरची मैफल ठरली. ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि अकरा दिवसांनी, १४ ऑक्टोबर रोजी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत त्यांना निरोप देताना मालरच्या पाचव्या सिंफनीची स्वरलिपी त्यांच्यासोबत ठेवण्यात आली.

नववी सिंफनी जगभर आजही मूळ शब्दांतच गायली जाते आणि ते योग्यच आहे. पण १९८९ च्या त्या नाताळचे ध्वनिमुद्रण ऐकताना बदललेला तो एक शब्द चूक वाटत नाही. त्या दिवशी त्या शहरात आनंद आणि स्वातंत्र्य हे शब्द वेगळे उरलेच नव्हते.